दोघांना पुरेल अशी गादी

"सरदार गेले. आता गादीसाठी त्यांच्या दोघा मुलांची उद्या माळावर लढाई. शेवटी गादीवर एकच उरणार, तोसुद्धा..."

नदीवर बायका बोलत होत्या. तेवढ्यात नूरा घागर घेऊन आली आणि सगळ्या गप्प. तोसुद्धा काय? माझे कान तसेच टवकारलेले राहिले.

नूरा आमच्या शेजारच्या पिंजाऱ्याची आठ वर्षांची लेक. आई नाही. कालच थोरल्या जयपालाचे शिपाई तिच्या अब्बांना लढाईला घेऊन गेलेले. घरात ना पीठ, ना कापूस.

"काकी, एका गादीसाठी माणसं मरतात?"

"मरतात गं."

"मग दुसरी शिवायची ना."

गाद्या शिवणाऱ्याच्या लेकीला गादी म्हणजे सिंहासन हे कोण सांगणार? मी तोंड उघडेपर्यंत ती रानात पळालीसुद्धा. मीही गेले मागोमाग, राहवतंय कुठं.

सावरीची बोंडं तडतड उकलत होती. एका बोंडातून इवलीशी परी उतरली, दुधासारखी पांढरी, गुलाबी पंखांवर सोनेरी टिकल्या लुकलुकणारी.

"एक इच्छा माग, सोनुले. पण स्वतःसाठी नाही, कुणाचं हिरावून नाही, आणि पुढचं काम तुझ्याच हातांनी."

नूराच्या ओठांवर 'अब्बा' आलं होतं. तिनं ते गिळलं. "दोघांना पुरेल एवढ्या गादीचा कापूस दे."

आणि काय सांगू, भुरभुर भुरभुर रुपेरी कापूस बरसला! घरून आणलेल्या आईच्या हिरव्या लुगड्याची खोळ करून चिमुकली बोटं ऊन कलेपर्यंत शिवत राहिली. मी दोरा ओवायला सरसावले, तर परीनं डोळे वटारले.

सकाळी नगारे झडले. दोन फौजांच्या मधोमध नूरानं गादी अंथरली.

"पोरी, हे काय?" जयपाल गरजला.

"गादी. दोघांना पुरेल. आता माझ्या अब्बांना घरी सोडा."

मग धाकटा सोमपाल फिस्सकन हसला, घोड्यावरून उतरून गादीवर बसला.

"ये दादा. लहानपणी एकाच गादीवर झोपायचो."

"तू लाथा मारायचास."

"तू पांघरूण ओढायचास."

जयपालही बसला. राज्य दोघांनी मिळून करायचं ठरलं, तलवारी म्यानात गेल्या.

"मागायचं राहिलेलं हे घे," परी नूराच्या कानात कुजबुजली. रांगेतून अब्बा धावत आले, त्यांनी लेकीला उचललं, आणि परी सोनेरी उजेडात विरघळून गेली.

नदीवरची बातमी मात्र अगदीच खोटी नव्हती हं. दमलेले दोघे भाऊ तिथंच आडवे झाले, आणि दुपारी सोमपालानं झोपेत अशी लाथ झाडली, की गादीवर खरंच एकच उरला. तोसुद्धा घोरत.