तीन जिने आणि एक फाईल

दिगंबर सोनटक्के जन्मांध. बँकेत तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करून ते निवृत्त झाले. त्या वर्षी अपंगत्वाची सवलत मागितली म्हणून त्यांचं विवरणपत्र तपासणीत गेलं आणि प्राप्तिकराचा परतावा चौदा महिने अडकला. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्या पैशांवाचून थांबलं होतं. शेवटी काठी टेकत ते एकटेच कार्यालयात गेले.

अधिकारी खुर्चीत रेलून म्हणाले, "तीन जिने चढून नेमके माझ्याच टेबलापाशी आलात. तुम्हाला दिसत नाही, यावर मी विश्वास कसा ठेवू?"

"डॉक्टरांचं प्रमाणपत्र फाईलमध्ये आहे, साहेब."

"ती फाईल सापडत नाहीये."

सोनटक्के शांतपणे म्हणाले, "साहेब, मला डोळे नाहीत, तरी मी तुम्हाला अर्ध्या तासात शोधलं. तुम्हाला डोळे आहेत, तरी चौदा महिन्यांत माझी फाईल दिसली नाही. मग प्रमाणपत्राची गरज नक्की कोणाला आहे?"

सगळी खोली हसली. साहेब ओशाळले. त्यांनी स्वतः उठून कपाट उपसलं, तेव्हा भलत्याच गठ्ठ्यात फाईल सापडली. प्रमाणपत्र पहिल्याच पानावर होतं.

"चुकलं माझं, काका," म्हणत त्यांनी तिथल्या तिथे सही केली.

पुढच्याच आठवड्यात सोनटक्केबाईंच्या ऑपरेशनची तारीख ठरली.