कोरडी बशी

“मग माझ्या नळीत ते आलं का नाही, सर?”

प्रभंजन रेग्यानं हे अशा सुरात विचारलं, की जणू कुणी त्याची छत्री ढापली होती.

मोकाशी सर गॅलरीत कुंड्यांपाशी स्टुलावर बसले होते. निवृत्त होऊन अकरा वर्षं झालेली. हातात पाण्याचा मग होता.

“पहिल्यापासून सांग.”

सांगण्यासारखं थोडंच होतं. उंदराची प्लीहा, म्हणजे आपली पाणथरी, घ्यायची. तिच्या नसेला विजेचे ठोके द्यायचे. नस एक रसायन सोडते. प्लीहेतून बाहेर नळीत येणाऱ्या द्रवात ते मोजायचं. ठोके भराभर दिले की भरपूर सापडे. सावकाश दिले की शून्य. म्हणून सात वर्षांपूर्वी प्रभंजननं आपल्या ग्रंथात ठणकावून लिहिलं : सावकाश ठोक्यांना नस काहीही देत नाही. त्यावर त्याला शाल मिळाली, पाठोपाठ विभागप्रमुखाची खुर्चीही.

आता एका नवख्या मुलीनं थेट प्लीहेच्या आत मोजलं होतं. सावकाश ठोक्यांनाही नस देत होती.

“माझे चाळीस उंदीर वाया गेले, सर.”

“हं...”

सरांनी सुकलेल्या कुंडीत थेंब थेंब पाणी सोडायला घेतलं. हातातला मग रिकामा व्हायला बराच वेळ लागला. प्रभंजननं दोनदा घड्याळ पाहिलं.

“खालच्या बशीत किती आलं?”

“काही नाही.”

“मग लिही, ‘सरांनी पाणी घातलं नाही.’”

प्रभंजनची मान खाली गेली.

त्या ग्रंथाच्या आभारांत वीज न गेल्याबद्दल वीज कंपनीचं नाव होतं. कॅन्टीनवाल्याचंही होतं. सरांचं नव्हतं. सर रोज प्रयोगशाळेत येत, चहा पीत, एखादं वाक्य टाकून जात. ‘म्हाताऱ्यानं मला दिलं काय?’ असं तो तेव्हा चारचौघांत विचारी. ते सरांच्या कानावर गेलं होतं, हेही त्याला ठाऊक होतं.

सरांचं तसलं एक वाक्य त्याला आत्ता आठवलं. ‘बाहेर सापडलं तेवढंच सुटलं का रे?’

तेव्हा तो हसला होता.

“दुसरी आवृत्ती निघतेय, सर. चूक दुरुस्त करतोय. आणि आभारांत... तुमचं नाव...”

सरांनी कोरडी बशी उचलली, उगीचच धोतराच्या सोग्यानं पुसली आणि पुन्हा कुंडीखाली सरकवली.

“राहू दे... मीच फार सावकाश ओतत होतो.”