हवालदारांची गैरहजेरी

तोफखान्यात बावीस वर्षं काढून हवालदार खाशाबा शेडगे गावी परतले, ते तोफांचा दणका डोक्यात घेऊनच. अर्धशिशी उठली की उजेड सोसवत नसे, ओकाऱ्या होत, दोन-दोन दिवस अंथरूण सुटत नसे. त्यांनी अपंगत्वाच्या पेन्शनसाठी अर्ज केला आणि एकदाचे तपासणीला जाऊन उभे राहिले.

वैद्यकीय मंडळाचे प्रमुख मोठे तोऱ्याचे. म्हणाले, “चेहरा टवटवीत, तपासण्या ठणठणीत! डोकं दुखतं असं कुणीही म्हणेल. पुरावा काय?”

खाशाबांचे कान तापले.

फाइल चाळता चाळता प्रमुखांना आयतं निमित्त सापडलं. “आणि हे काय? याआधी दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा गैरहजर! पेन्शन हवी, शिस्त नको?”

“साहेब, तोच माझा पुरावा,” खाशाबा शांतपणे म्हणाले. “दोन्ही दिवशी डोकं उठलं होतं. माझ्या नोकरीची नोंदही त्याच फायलीत आहे. बावीस वर्षांत माझ्या नावापुढं ‘गैरहजर’ एकदा तरी दिसतं का, बघा. गोळ्यांच्या माऱ्यात हजर राहिलेल्या माणसाला स्वतःच्या पेन्शनीला यायला कुणी अडवलं, तेवढं आपणच लिहा.”

प्रमुख एकेक पान उलटत गेले. तसा शेरा कुठंच नव्हता. त्यांनी चष्मा काढून ठेवला, “बसा, हवालदारसाहेब,” म्हणाले आणि अर्जावर मंजुरीची शिफारस लिहिली.

बाहेर बाकावर बायको हौसाबाई वाट बघत होती. “काय म्हणालं सायेब?”

खाशाबा हसले. “माझं डोकं खरंच दुखतं म्हणाले!”