गोष्टीघराचं कुलूप

एकदा काय झालं, बरं का, तळ्याकाठच्या एका गावात एक पोरगी चिडली. साधीसुधी नाही चिडली. पायाच्या नखापासून केसांपर्यंत चिडली. तिचं नाव गजरा. घरचा धंदा बुरुडाचा. बांबू सोलायचे, सुपं-टोपल्या विणायच्या.

का चिडली? ऐका तर.

तिचा मोठा भाऊ होता, हैबती. एक दिवस तो तळ्याकाठी बांबू तोडत होता. गजरा पलीकडच्या काठावर मोळ्या बांधत होती. राजाची पाच वर्षांची लेक नावेतून फिरत होती. वारा सुटला, नाव कलंडली, पोर पाण्यात! काठावर राजाचे कथेकरी त्र्यंबकबुवा उभे होते. शेजारी त्यांचा तरणाताठा भाचा. दोघं जागचे हलले नाहीत. हैबतीनं कोयता टाकला आणि उडी मारली. पोरीला काठावर ढकललं. भाच्यानं तिला नुसतं उचललं. आणि हैबतीचे पाय वेलींत अडकले. तो वर आलाच नाही.

गजरानं हे सगळं पलीकडून बघितलं.

मग बुवा दरबारात गेले. बोलण्यात भारी पटाईत, बरं का. म्हणाले, "बुरुडानं नाव हलवली, महाराज. माझ्या भाच्यानं उडी मारली." राजानं भाच्याला सोन्याचं कडं दिलं. आणि गावानं काय केलं? हैबतीच्या आईला पाणवठ्यावरून हाकललं. म्हातारी रिकामी घागर घेऊन घरी आली. घागर पालथी ठेवली आणि बसून राहिली.

गजरा तशीच चावडीपुढे गेली आणि ओरडायला लागली. पण राग इतका, की पन्नास गोष्टी एकदम तोंडात आल्या. निम्म्या शिव्याच. लोक म्हणाले, "वेड लागलं हिला." आणि निघून गेले.

आता त्या गावात एक गोष्टीघर होतं. राजाच्या आजीनं बांधलेलं. गोष्ट रचायला लागतील ती साधनं आत ठेवलेली. दारावर कोरलेलं, "ज्याला गोष्ट सांगायची आहे, त्यानं आत यावं." पण दाराला हे एवढं कुलूप! आणि किल्ली बुवांच्या कमरेला.

गजरा गेली. बुवा म्हणाले, "आधी व्याकरण शिकून ये." ती महिनाभर शाळेच्या खिडकीखाली बसली आणि शिकली. मग परत गेली. बुवा म्हणाले, "आधी शंभर कहाण्या पाठ करून ये." तिनं बांबू सोलता सोलता शंभर पाठ केल्या. मग तिसऱ्यांदा गेली. बुवा हसले. म्हणाले, "अगं, टोपल्या विणणाऱ्यांची गोष्ट ऐकणार कोण? जा घरी."

गजरा घरी गेली. भावाचा कोयता घेतला. भर दुपारी, बुवा जेवून घोरत असताना, ती गोष्टीघराशी आली आणि एका घावात कुलूप तोडलं. खाण्‌कन!

आत काय? धूळ आणि जळमटं. बुवांनी एकाही वस्तूला कधी हात लावला नव्हता.

पहिलं हाताला लागलं सूप. गजरा त्यात आपली गोष्ट बोलली आणि पाखडायला लागली. तर काय, शिव्या भुर्रकन उडून गेल्या! "दुष्ट", "नीच", "मेला", सगळं भुसासारखं बाहेर. "अरे, माझ्या शिव्या परत दे!" असं म्हणून ती सुपावरच खेकसली. पण सूप काही ऐकेना. खाली एवढंच उरलं: कलंडलेली नाव, काठावर पडलेला कोयता, पाण्यावर तरंगणारं हैबतीचं पागोटं. पागोट्याचं तर ती विसरूनच गेली होती.

मग मिळाला एक शंख. कानाला लावायचा आणि एखाद्याचं नाव घ्यायचं, की तो माणूस खरा कसा बोलला ते ऐकू यायचं. तिनं भावाचं नाव घेतलं. आवाज आला, "तोंड मीट, बाळ. घाबरू नको." गजरा रडली. पुष्कळ वेळ रडली. मग डोळे पुसले आणि दात खाऊन बुवांचं नाव घेतलं. शंख म्हणाला, "थांब रे, तू नको जाऊस. माझी शालजोडी भिजेल."

तिसरी होती काठी. ती काय करते, हे कळेना. गजरानं ती तशीच बरोबर घेतली.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. राजा लेकीला घेऊन बाजारात आला होता. गजरा कट्ट्यावर चढली. ओरडली नाही. म्हणाली, "एका लांबच्या मुलखात एक होता बुरूड..." आणि सांगत गेली. कुणाचं नाव नाही, गाव नाही. नाव कलंडली, कोयता पडला. लोक थांबले. भाजीवाल्या बायका उठून जवळ आल्या. मग गजरा म्हणाली, "काठावर एक म्हातारा होता. तो म्हणाला, थांब रे, माझी शालजोडी भिजेल."

"मी असं म्हणालोच नव्हतो!" त्र्यंबकबुवा किंचाळले.

सगळा बाजार त्यांच्याकडे बघायला लागला.

राजा वळला. "बुवा," तो म्हणाला, "तुमचं नाव कुणी घेतलं?"

आता गजराला चेव आला. त्या बुवाला असं करा, तसं करा, हे सांगायला तिनं तोंड उघडलं, तर काठी आपोआप जमिनीवर आपटली. ठक्! जणू म्हणाली, इथे थांब. गजरा धुमसत होती, पण थांबली. आणि त्या शांततेत राजाची लेक बोलली.

"मला ज्यानं काठावर ढकललं, त्याच्या हाताला कुसळं होती, बाबा. मला टोचली. मामांचे हात मऊ आहेत." त्या भाच्याला ती मामा म्हणायची, बरं का.

राजा म्हणाला, "आधी का नाही सांगितलंस?"

"मला कुणी विचारलंच नाही."

राजाची मान खाली गेली. मग तो गजराला म्हणाला, "माग, काय हवं ते. सोनं देतो, जमीन देतो."

"माझा भाऊ देता?" गजरा कडाडली. "नाही ना? मग माझ्या आईची घागर तुम्ही भरायची. सगळ्या गावासमोर. आणि गोष्टीघराला परत कुलूप लागता कामा नये."

राजानं स्वतः पाणवठ्यावर पाणी भरलं आणि म्हातारीच्या दारात घागर नेऊन ठेवली. भाच्यानं कडं परत केलं. आणि बुवा? बुवांना गोष्टीघर झाडायच्या कामाला लावलं. धनगर येवो, कासारीण येवो, हात जोडून सांगायचं, "या, हे सूप असं धरायचं, हा शंख असा लावायचा."

हैबती काही परत आला नाही. खोटं कशाला सांगू? पण त्याचं नाव गावात नीट घेतलं जाऊ लागलं. गजरा आणि तिची आई पुढे सुखानं राहिल्या. गजरा टोपल्या विणायची आणि गोष्टी सांगायची. मधूनमधून चिडायचीसुद्धा.

झालं. आता कुशीवर वळा बघू सगळी. चिंगे, पाय पांघरुणात घे. डोळे मीट.