चिंचखेडच्या लूपमधली मालगाडी

"मग मला बोर्डावर एकट्याला कधी बसवणार, साहेब?"

निशिकांत तोरस्करने विचारलं, तेव्हा बिडवईसाहेब चहा पीत होते. त्यांनी आधी चहा संपवला.

कंट्रोल ऑफिस ही मोठी अजब जागा. इथल्या माणसांना गाडी दिसत नाही आणि त्यांच्या शब्दावाचून गाडी हलत नाही. कानाला हेडफोन, त्यात चिंचखेड, बोरवंड अशा स्टेशनांचे मास्तर एकामागून एक बोलणार. कुणाला सोडायचं, कुणाला थांबवायचं, हे ठरवणारा इथे गाड्यांच्या बोर्डासमोर खुर्चीत बसलेला. बिडवईंनी या खुर्चीत केस पांढरे केले होते. निशिकांत त्यांच्या शेजारी बसून शिकत होता. पोरगा तल्लख होता, यात वाद नाही. पंचाईत एवढीच, की ते त्यालाही ठाऊक होतं.

"आज बस," साहेब म्हणाले. "मी शेजारी आहे. पण बोलणार नाही."

निशिकांतने दुपार गाजवली. एक्सप्रेस गाड्या त्याने अशा काढल्या, की शेजारच्या बोर्डावरचे लोकही मान वळवून बघू लागले.

एक मालगाडी तेवढी सकाळपासून चिंचखेडला लूपमध्ये उभी होती. लूप म्हणजे मुख्य रुळाशेजारची लाइन. मोठ्या गाड्यांना वाट देत मालगाड्या तिथे अंग चोरून उभ्या राहतात. तिच्या ड्रायव्हरची ड्यूटी केव्हाच संपली होती. पण बदली माणूस पुढे जंक्शनला, ड्रायव्हरचं घरही तिथेच, आणि गाडी टाकून जायची सोय नाही.

चिंचखेडचे मास्तर लाइनवर आले. मेलच्या आधी मालगाडी काढता येईल का, मेलला फार तर तीन मिनिटं उशीर होईल, असं त्यांनी विचारून पाहिलं.

"मेल वेळेवर आहे, चिंचखेड. वेळेवरच जाईल."

"साहेब, ड्रायव्हर फार विनवतोय. त्याच्या घरी..."

"घरचं नंतर. आधी मेल घ्या."

यात वावगं काही नव्हतं. कंट्रोलच्या लाइनवर असंच तुटक बोलतात. कारणं ऐकत बसलं तर गाड्या तुंबतात, हे बिडवईंनीच त्याला शिकवलं होतं.

निशिकांतने हळूच शेजारी पाहिलं. बिडवईंनी आपल्या हेडफोनवर सगळं ऐकलं होतं. ते गप्प होते. त्याने ती शाबासकी मानली.

मेल गेली, अगदी वेळेवर. मग एक्सप्रेस, तिच्यामागे आणखी एक. शेवटी एकदाची वाट मोकळी झाली, तेव्हा निशिकांतने ऐटीत हाक दिली, "चिंचखेड, तुमचा माल काढा."

"काढतो, साहेब." मास्तरांचा आवाज बसला होता. "पण आता घाई नाही. जंक्शनहून निरोप आला. ड्रायव्हरचे वडील गेले. दुपारपासून सारखं त्यालाच विचारत होते म्हणे."

...

निशिकांतने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. आपल्या हातून काय झालं हे त्याला कळलं, आणि त्याहून वाईट म्हणजे, नियमात शोधूनही आपली चूक सापडत नाही हेही कळलं.

मग तो साहेबांवरच उखडला.

"तुम्ही ऐकत होतात. एक शब्द बोलला असतात तर तो माणूस बापाजवळ पोचला असता."

"पोचला असता."

"मग का नाही बोललात?"

"मेलमध्ये कोण कुणाकडे निघालं होतं, तुला ठाऊक आहे?"

"नाही."

"मलाही नाही."

...

"म्हणजे मी केलं ते बरोबर?"

"मी असं म्हटलं नाही."

"मग चूक?"

बिडवईंनी पेन्सिल उचलली, टोक पाहिलं, पुन्हा खाली ठेवली. इतकी वर्षं या खुर्चीत काढलेल्या माणसाजवळ याचं उत्तर नसावं, याची निशिकांतला चीड आली. किळससुद्धा आली. उद्या आपणही असेच होऊ, असं त्याच्या मनात आलं आणि तो उठला.

"मला हे काम नको, साहेब. दुसरं कुणी बघा."

बिडवईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला परत खाली बसवलं. टेबलावरचा हेडफोन उचलून स्वतःच्या हाताने त्याच्या कानांवर चढवला. मग ते उठले, आपली खुर्ची भिंतीकडे सरकवली आणि दाराकडे निघाले.

निशिकांत घाबरून म्हणाला, "साहेब, मी एकटा..."

"बोरवंड कधीचं हाक मारतंय," बिडवई म्हणाले. "ओ दे."