बहिणीचा घाट

हा समोर उतरतो तो बहिणीचा घाट. नकाशात याचं दुसरं नाव आहे, पण आमच्यातलं कुणी ते घेत नाही. दमला असाल तर या पडक्या चौकीच्या सावलीत टेका, फक्त पोरांना दगडावर नावं कोरू देऊ नका. नावाच्या हौसेनं या घाटाचं आधीच पुरेसं वाटोळं झालंय.

फार जुन्या काळी इथे बोप्पराणा नावाचा राजा होता, असं सांगतात. कोकणात उतरणारे सात घाट त्याच्या ताब्यात. त्याच्या मुद्रेवर वर सूर्य-चंद्र आणि खाली बिरुद, 'सप्तघाटाधीश्वर'. म्हणजे सात घाटांचा धनी. त्याची लेक गोवाई इथल्या चांगनायकाला दिली, तेव्हा हा सातवा घाट त्यानं लेकीला आंदण दिला. घाट दिला, पण मुद्रा तशीच ठेवली. कारभाऱ्यानं विचारलं तर म्हणाला म्हणे, "राहू दे रे. बिरुदातला घाट कुणाचं काय खातोय?" मला विचाराल तर सगळं पाप त्या आळसाचं.

राणा गेला आणि मुद्रा मुलाच्या, मल्लुगीच्या हाती आली. मल्लुगी वाईट नव्हता. बहिणीवर त्याचा जीव होता. पण शेजारच्या राजाचा दूत भर दरबारात हसत म्हणाला, "सात घाटांचे धनी पहारा मात्र सहाच घाटांवर ठेवतात!" ते त्याला झोंबलं. बिरुद कमी करणं म्हणजे बापाला खाली ओढणं, असं त्याच्या मनानं घेतलं. त्यानं मेहुण्याला निरोप धाडला, की घाट तुमचाच राहू द्या, फक्त चौकीवर माझी मुद्रा कोरा. चांगनायक म्हणाला, "आज मुद्रा येईल, उद्या शिपाई येतील." हा ऐकेना, तो ऐकेना.

दिवाळीत मल्लुगीनं फौजेसह घाटाच्या तोंडाशी तळ ठोकला. भाऊबीजेला गोवाई ताट घेऊन एकटी तळावर गेली. भावाला पाटावर बसवून तिनं ओवाळलं. त्यानं हातातलं सोन्याचं कडं काढून ताटात टाकलं. तिनं ते परत त्याच्या हातात दिलं.

"दादा, सोनं नको. तुझ्या मुद्रेतला एक घाट सोड."

"दुसरं काहीही माग, गोवाई."

"दुसरं काय मागू? माझं घर राहू दे."

मल्लुगीनं कडं पुन्हा मनगटात चढवलं. ती दिवा पदराआड धरून घरी परतली. दुसऱ्या दिवशी या इथल्या वळणावरच्या लढाईत चांगनायक मारला गेला.

मग मल्लुगी ताम्रपट घेऊन बहिणीच्या दारात आला. हा घाट आणि गाव तिला चोळीबांगडीसाठी दान, आणि त्याला तीच मुद्रा जोडलेली. इथे मला त्याचा रागही येतो आणि कीवही. गोवाईनं ताम्रपटाला हात लावला नाही. "माझं होतं ते काढून मलाच दान देतोस, दादा?" एवढंच बोलली.

पुढे दर भाऊबीजेला तो यायचा. विधवेनं ओवाळू नये म्हणणाऱ्यांना न जुमानता ती पाट मांडायची, ओवाळायची, ताटात पडेल ते परत करायची. "काय सोडलंस?" एवढं विचारायची. तो मान खाली घालून उठायचा.

शेवटी म्हातारपणी त्यानं जुनी मुद्रा वितळवली, सहा घाटांची नवी ओतवून घेतली आणि ती घेऊन आला. पाट मांडलेला नव्हता. गोवाई नवरात्रातच गेली होती. भावाला कळवू नका, असं तिनंच सांगून ठेवलं होतं म्हणे. तो म्हातारा राजा ओसरीवर मुद्रा हातात धरून मोठ्यानं रडला आणि येईल त्या बाईला 'सोडला, मी घाट सोडला' म्हणत राहिला.

त्या बायकांनीच मग ही रीत घातली. आमच्या गावात भाऊबीजेला ओवाळणी घेत नाहीत. बहीण विचारते, "काय सोडलंस?" आणि भावानं एखादा हक्क सोडायचा. बांधावरचा आंबा, विहिरीची पाळी, नाहीतर मनातला राग. आजही हे असंच चालतं. पाहुण्यांना फार गोड वाटतं. पण ज्याला काही सोडवत नाही, तो भाऊ त्या दिवशी गावाकडे फिरकतच नाही. गेल्या दिवाळीतही माझ्या बायकोनं दिवेलागण होऊन गेली तरी पाट उचलला नव्हता.