नावावर बोट

“क्लिक केल्याने माणूस मरतो का, बुवा?”

भानुदासबुवा मठाच्या ओसरीवर शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुणी गेलंय का?”

“दोघं.”

“आणि क्लिक किती केलेस?”

“तीन,” हेरंब म्हणाला. त्याचा आवाज बसला होता.

हेरंब शेडगेचा आवाज बसावा असे प्रसंग फारसे येत नसत. शहरात वर्षभर वेबसाइट बनवून आलेला हा पोरगा मठात शिकायला आलाय की शिकवायला, हे मठाच्या मांजरालाही उमगलं नव्हतं. बुवांनी संन्यास घेण्याआधी बावीस वर्षं संगणकावर काम केलं होतं, म्हणून तो त्यांच्याकडे आला. पण आल्या दिवसापासून त्यांच्याच चुका काढत होता.

मठात एक लाकडी फळा होता. अनुग्रह घेतलेल्या प्रत्येकाचं नाव त्यावर काळ्या रंगात लिहिलेलं. माणूस गेला की त्याच्या नावावर बोटाने राख ओढायची. पण त्याआधी एक रीत होती. राख लावणाऱ्याने फळ्यासमोर बसायचं, ते पूर्ण नाव घेऊन तीनदा हाक मारायची आणि दर हाकेनंतर थांबायचं. ओ आली नाही, तरच बोट राखेत बुडवायचं.

यंदा फळ्याला वाळवी लागली. तो आतल्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवला गेला आणि हेरंबने सगळी नावं मठाच्या वेबसाइटवर एका पानात चढवली. नावावर क्लिक केलं की काळा रंग जाऊन राखाडी येई. माणूस खरोखर गेला असेल तर हेरंब मूळ यादीत तसं लिहून ठेवी, म्हणजे राखाडी रंग कायम राहील.

“आणि हाक?” बुवांनी तेव्हा विचारलं होतं.

“बुवा, हा नुसता रंग आहे,” हेरंब हसला होता. “एलिमेंट, म्हणजे ते नाव, तिथल्या तिथे असतं. मी फक्त त्याची स्टाइल बदलतो.”

बुवा त्यावर आपल्या कामाला लागले होते.

आता मात्र त्यांनी शेंगांचं सूप मांडीवरून खाली ठेवलं. “सांग,” ते म्हणाले.

हेरंबने सांगितलं. सोमवारी त्याला राखाडी रंग नीट दिसतो का ते पाहायचं होतं. तपासणीसाठी खोटी नावं घ्यावीत हे कालचं पोरही सांगेल. पण अख्खी यादी समोर असताना खोटी नावं कोण रचत बसणार? त्याने पहिल्याच नावावर क्लिक केलं. सावळाराम घाग. नाव राखाडी झालं. त्याने पान रिफ्रेश केलं, नाव पुन्हा काळं झालं. तो रंग त्याच्या एकट्याच्या पडद्यापुरता होता, जगात दुसऱ्या कुणाला त्याचा पत्ताही नव्हता.

मंगळवारी पहाटे सावळाराम गेले. वय ऐंशीचं, पण आदल्या संध्याकाळी गुरांमागे डोंगर चढून आले होते.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, असं हेरंबने स्वतःला समजावलं. बुधवारी त्याने रंग थोडा फिका केला आणि दुसऱ्या नावावर तपासला. अनसूयाबाई मोरे. तोच राखाडी, तेच रिफ्रेश... गुरुवारी अनसूयाबाईही गेल्या.

“यादीत दोघांचं तूच लिहिलंस?”

“हो.”

“हाक मारून?”

रिकाम्या खोलीत बसून मेलेल्या माणसाच्या नावाने ओरडायची हेरंबला लाज वाटली होती.

“तिसरं कोण?” बुवांनी विचारलं.

त्याने लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. क्लिकची ती ओळच काढून टाकावी म्हणून तो सकाळी बसला होता. यादी खाली सरकवताना त्याचं बोट एका नावावर टेकलं.

हर्षदा केशव शेडगे. नाव राखाडी दिसत होतं.

हर्षदा म्हणजे त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, भरवलं, मारलं आणि शिकवलं. ती आरोग्यसेविका होती, पलीकडच्या खोऱ्यातल्या वाड्यांवर पायी फिरायची. सकाळपासून तिचा फोन लागत नव्हता.

“रिफ्रेश कर. नाव काळं होईल.”

“दोन्ही वेळा तेच केलं, बुवा. नाव काळं झालं आणि माणूस गेला.”

“मग करू नकोस.”

“बॅटरी सहा टक्क्यांवर आलीय. वीज सकाळपासून नाही. बंद पडला तरी तेच होणार.”

बुवांनी लॅपटॉप जवळ ओढला. “ती ओळ दाखव.”

हेरंबने दाखवली. प्रत्येक नावाला एक लिसनर, म्हणजे कान लावून बसणारा कोड, जोडला होता. तो क्लिकची वाट पाहत बसे आणि क्लिक झालं की त्या नावाला ‘राख’ नावाचा क्लास, म्हणजे राखाडी रंगाची खूण, लावून देई. बुवांनी ओळ दोनदा वाचली.

“चूक नाही. चोख लिहिलंयस.”

आजवर ज्या कौतुकासाठी तो झुरत होता ते ऐकून हेरंबला रडू आलं.

“नावांना कान दिलेस,” बुवा म्हणाले. “आणि मग न बोलता बोट लावलंस.”

त्यांनी यादी अगदी तळापर्यंत नेली. तिथे त्यांच्या गुरूंनी कधीकाळी फळ्यावर लिहिलेलं त्यांचं स्वतःचं नाव होतं. भानुदास रघुनाथ पेठे. बुवांनी त्यावर क्लिक केलं.

नाव राखाडी झालं.

“बुवा, हे काय केलंत?”

बुवांनी डोळे मिटले होते. मांजर पायरीवरून उठलं आणि मागे न बघता अंगणापलीकडे निघून गेलं.

“बुवा...”

त्यांचा हात लॅपटॉपवरून खाली घसरला. हेरंबने त्यांच्या बोटांना हात लावला, ती विहिरीच्या दगडासारखी गार होती. आपल्याला काय करायचं आहे हे त्याला कळलं आणि कळल्यामुळेच त्याची जीभ उचलेना. गुरूचं नाव असं उघडं तोंडात कसं घ्यायचं?

“भानुदास रघुनाथ पेठे.”

तो थांबला. काही नाही...

“भानुदास रघुनाथ पेठे.”

झाडाचं पानही हलत नव्हतं. बुवांची छाती हलतेय का, ते त्याला दिसेना. लाज, हुशारी, शहर, सगळं त्याच्या अंगावरून गळून पडलं आणि तो पोटातून ओरडला.

“भानुदास रघुनाथ पेठे...”

बराच वेळ गेला.

“ओ.”

आवाज बुवांचाच होता. पण तो आतल्या खोलीतून आला, जिथे वाळवीचा फळा भिंतीला टेकून होता.

मग बुवांनी डोळे उघडले. शेजारचा तांब्या उचलून ते घटाघटा पाणी प्यायले, लांबून चालत आलेला माणूस पितो तसे.

“आता तिला,” ते म्हणाले.

हेरंबने हाक मारली. पहिली मारली आणि थांबला. दुसरी मारली आणि थांबला. तिसऱ्या हाकेलाही नाव त्याने पूर्ण घेतलं. ते संपतं न संपतं तोच बॅटरी संपली आणि पडदा विझला.

ओ आली नाही.

दोघं बसून राहिले. ऊन ओसरीच्या कडेवरून मागे सरकलं. हेरंब आतल्या खोलीच्या दाराकडे बघत होता, आणि तिची ओ तिथून, गेलेल्यांच्या बाजूने, येऊ नये म्हणून मनातल्या मनात देवाला विनवत होता.

फोन वाजला.

“अरे, किती मिस कॉल ते? रेंज नव्हती इथे,” हर्षदा म्हणाली. “आणि तू कुठून ओरडत होतास मघाशी?”

“कधी?”

“आत्ता तासाभरापूर्वी. ओढ्यात उतरले होते मी, मागून तुझी हाक आली. पूर्ण नाव घेऊन, हजेरी घेतल्यागत. तीनदा मारलीस.”

“मग?”

“मग काय, परत काठावर आले बघायला. तेवढ्यात वरून पाण्याचा लोंढा आला, ओढा छातीएवढा झाला... काठावर कुणीच नव्हतं रे. तू आहेस कुठे?”

“मठात,” हेरंब म्हणाला.

मठापासून तो ओढा डोंगरापलीकडे चार कोसांवर होता.

त्याने फोन ठेवला आणि तो हमसून हमसून रडला. बुवांनी त्याला रडू दिलं. मग त्याने तोंड पुसलं, लॅपटॉप मिटला आणि तो उठला. त्याचा चेहरा परत जागेवर आला होता.

“बुवा, ताई सुखरूप आहे. वीज आली की ते पानच काढून टाकतो. विषय संपला.”

“बस.”

तो बसला.

“सावळारामाला अजून कुणी हाक मारलेली नाही,” बुवा म्हणाले. “अनसूयाबाईंनाही नाही. आत जा आणि फळ्यासमोर बस.”

“पण बुवा, ते दोघं तर...”

बुवांनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं आणि एक शेंग उचलली.

“आणि ओ आली, तर घाबरू नकोस.”